स्प्रिंगफील्ड इंडियन्स: करंडकांचा संघ की संपाचा संघ?

कनेक्टिकटकाठ

मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहर बास्केटबॉलचे जन्मस्थान म्हणून बहुतेकांना ठाऊक असते. त्याच शहराच्या नावाने १९२६ पासून १९९४ पर्यंत, मधले काही खंड वगळता, आइस हॉकीचा एक व्यावसायिक संघ खेळत असे. त्याचे नाव स्प्रिंगफील्ड इंडियन्स. हा संघ एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) या मुख्य लीगमध्ये कधीच नव्हता. तो आधी कॅनेडियन-अमेरिकन लीगमध्ये आणि पुढे एएचएलमध्ये (अमेरिकन हॉकी लीग), म्हणजे मुख्य लीगच्या एक पायरी खाली खेळला. एएचएलचा काल्डर करंडक त्याने एकूण सात वेळा जिंकला: १९६०, १९६१, १९६२, १९७१, १९७५, १९९० आणि १९९१. त्यांपैकी १९७१ चे विजेतेपद त्याने स्प्रिंगफील्ड किंग्ज या नावाने मिळवले.

या संघाविषयी वाचताना मला सारखे जाणवत राहिले की सात करंडकांपेक्षा डिसेंबर १९६६ मधला त्याच्या खेळाडूंचा संप अधिक महत्त्वाचा आहे. करंडक दरवर्षी कोणी ना कोणी जिंकतोच. परंतु उत्तर अमेरिकेतील हॉकीपटूंना जी संघटना त्याआधी अनेक दशके उभी करता आली नव्हती, ती जून १९६७ मध्ये उभी राहिली आणि तिची पहिली ठिणगी एनएचएलच्या एखाद्या श्रीमंत संघात न पडता या दुय्यम लीगच्या संघात पडली. येथील क्रीडाप्रेमींना हे मत पटते का? आणि ज्या एडी शोअरने हा संघ जवळजवळ चार दशके आपल्या मुठीत ठेवला, त्याच्याकडे संघाचा निर्माता म्हणून पाहावे की खेळाडूंचा छळ करणारा मालक म्हणून?

हिमगंध

धागा उत्तम आहे, परंतु पहिल्या मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. करंडक कोणी ना कोणी जिंकतोच, हे एका करंडकाबद्दल म्हणता येईल. सलग तीन वर्षे साखळीत पहिले स्थान आणि सलग तीन वर्षे करंडक, असा पराक्रम एएचएलच्या इतिहासात स्प्रिंगफील्डशिवाय दुसऱ्या कोणत्याही संघाला आजपर्यंत साधलेला नाही. पॅट ईगन प्रशिक्षक, मार्सेल पाय गोलरक्षक, बिल स्वीनी सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा आणि जिम अँडरसन वर्षानुवर्षे गोलांचा रतीब घालणारा, असा तो संघ होता. त्या काळी एनएचएलमध्ये केवळ सहा संघ असल्यामुळे, आज सहज मुख्य लीगमध्ये खेळतील असे कितीतरी खेळाडू खालच्या लीगमध्ये आयुष्य काढत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या स्पर्धेचा दर्जा कळतो. संपाचे महत्त्व मी नाकारत नाही, परंतु संप करणारे खेळाडू मुळात अव्वल होते म्हणूनच त्यांच्या संपाकडे लोकांचे लक्ष गेले.

रेवती_ना

मला या खेळाची फारशी माहिती नाही, म्हणून एक प्राथमिक शंका विचारते. मालक इतका त्रासदायक होता, तर हे अव्वल खेळाडू दुसऱ्या संघात का गेले नाहीत?

कनेक्टिकटकाठ

रेवतीताई, तुमच्या शंकेतच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. त्या काळच्या करारात असे कलम असे की हंगाम संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. पुढच्या वर्षी खेळायचे तर त्याच संघाशी करार करावा लागे, आणि मालकाने विकले, बदलून दिले किंवा मोकळे केले तरच दुसरीकडे जाता येई. त्यात एनएचएलचे सहा संघ म्हणजे सुमारे १२० जागा, आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले शेकडो खेळाडू. जो कुरकुर करील त्याच्या जागी उद्या दुसरा उभा करता येत असे.

स्प्रिंगफील्डची अडचण याहून मोठी होती. एएचएलमधील बऱ्याच संघांतील खेळाडू एनएचएलच्या कुठल्यातरी संघाचे असत, त्यामुळे वरून बोलावणे येण्याची आशा तरी असे. शोअर मात्र आपल्या बहुतेक खेळाडूंचे हक्क स्वतःकडेच ठेवत असे. त्याच्या हातून सुटणे हे त्याच्याच मर्जीवर होते. डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने १९५७ मध्ये एनएचएलमध्ये संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्यासारख्या मोठ्या खेळाडूलाही त्याच वर्षी शिकागोला धाडण्यात आले आणि तो प्रयत्न मोडला. दुय्यम लीगमधल्या सामान्य खेळाडूने त्यातून काय बोध घेतला असेल, याची कल्पना करता येते.

जुना_खेळ

एडी शोअरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याला केवळ खलनायक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

शोअरचा जन्म १९०२ चा, कॅनडातील सास्काचेवान प्रांतातला. बोस्टन ब्रुइन्सचा बचावपटू म्हणून त्याने १९२९ आणि १९३९ असे एनएचएलच्या विजेतेपदाचे दोन स्टॅन्ली करंडक जिंकले आणि एनएचएलच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीचा हार्ट करंडक चार वेळा मिळवला. बचावपटूंपैकी दुसऱ्या कोणालाही हे जमलेले नाही. तो कमालीचा आक्रमक होता. डिसेंबर १९३३ मध्ये बोस्टनमध्ये त्याच्या धडकेने टोरंटोच्या एस बेलीची कवटी फुटली, बेली मरता मरता वाचला आणि पुन्हा कधी खेळला नाही. बेलीच्या मदतीसाठी फेब्रुवारी १९३४ मध्ये टोरंटोत सामना झाला, तेव्हा त्या दोघांनी सर्वांसमोर हस्तांदोलन केले.

१९३९ मध्ये, खेळाडू म्हणून निवृत्त होण्याआधीच, त्याने स्प्रिंगफील्डचा संघ विकत घेतला. हा निर्णय धाडसाचा होता, कारण या संघाचा आधीचा इतिहास डळमळीत होता. पहिल्या दोन्ही हंगामांत कॅनेडियन-अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवणारा हाच संघ १९३२-३३ च्या हंगामात अर्ध्यावर बंद पडला होता, आणि १९३५ मध्ये क्वेबेकचा संघ या शहरात हलवला गेला तेव्हाच हे नाव पुन्हा ऐकू आले. शोअरने काही काळ एकाच हंगामात एनएचएलमध्येही खेळायचे आणि स्वतःच्या संघाकडूनही, अशी दुहेरी कसरत केली. दुसऱ्या महायुद्धात वेस्ट स्प्रिंगफील्डमधील कोलिझियम हे त्याचे क्रीडागृह अमेरिकी लष्कराने ताब्यात घेतले, तेव्हा तो आपले खेळाडू घेऊन बफेलोला गेला. बफेलोने १९४३ आणि १९४४ चे काल्डर करंडक जिंकले. युद्धानंतर तो परतला. पुढे १९५१ मध्ये एएचएलचा संघ तीन वर्षांसाठी सिरॅक्यूजला नेला आणि १९५४ मध्ये पुन्हा स्प्रिंगफील्डला आणला. हा माणूस नसता तर हे नाव १९४० च्या दशकातच पुसले गेले असते.

त्याची प्रशिक्षणपद्धती विचित्र होती, हे खरे आहे. स्केटिंग करताना पाय फार फाकू नयेत म्हणून तो खेळाडूंचे पाय दोरीने बांधत असे. तोल सुधारावा म्हणून त्यांना टॅप नृत्य शिकायला लावत असे. गोलरक्षकाने बर्फावर लोळण घेऊ नये म्हणून त्याला गोलच्या आडव्या दांड्याला दोर बांधून उभे केल्याच्या आठवणी जुन्या खेळाडूंनी सांगितल्या आहेत. परंतु त्यांतल्याच कित्येकांनी हेही सांगितले की स्केटिंगचे बारकावे, शरीराचा तोल आणि काठीवरची दोन हातांतली योग्य अंतराची पकड त्यांना शोअरइतकी नीट कोणी शिकवली नाही. केंट डग्लस त्याच्या तालमीतून टोरंटोत गेला आणि १९६३ मध्ये एनएचएलचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. एवढे ज्ञान असलेला शिक्षक त्या काळी दुय्यम लीगमध्ये दुसरा नव्हता.

अपर्णा_क

गोलरक्षकाच्या गळ्याशी दोर बांधल्याचे वर्णन मी अन्यत्र वाचले आहे आणि वाचून अंगावर काटा आला. शिकवण्याच्या नावाखाली हे मान्य करणे मला शक्य नाही.

मंदार१९६७

मी औद्योगिक संबंध या क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यामुळे या संपाकडे मी त्या नजरेने पाहतो. जुना_खेळ यांनी शोअरच्या शिकवण्याविषयी लिहिले ते मला मान्य आहे, परंतु ते अर्धेच चित्र आहे. ज्या खेळाडूंना सामन्यात उतरवले जात नसे किंवा जे दुखापतीतून सावरत असत, त्यांना तो क्रीडागृहाची कामे करायला लावत असे: खुर्च्या रंगवणे, दिवे बदलणे, विक्रीसाठी पॉपकॉर्न भाजणे. अशा खेळाडूंना तो ‘ब्लॅक एसेस’ म्हणत असे, आणि राखीव खेळाडूंसाठी हा शब्द एनएचएलमध्ये आजही वापरला जातो. व्यावसायिक खेळाडूला खेळण्याचा करार देऊन पॉपकॉर्न भाजायला बसवणे ही शिस्त नव्हे. आपण काहीही केले तरी समोरच्याला जायला दुसरी जागा नाही, हे ज्याला पक्के ठाऊक असते त्याचे ते वागणे आहे.

डिसेंबर १९६६ मध्ये शोअरने बिल व्हाइट, डेल रोल्फ आणि डेव्ह अमाडियो या तीन बचावपटूंना, ते मनापासून खेळत नाहीत असा ठपका ठेवून, वेतनाविना निलंबित केले. सहकाऱ्यांच्या वतीने ब्रायन किलरीने जाब विचारला, तर त्यालाही निलंबित केले. त्यानंतर उरलेल्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला. त्यांनी टोरंटोचा तरुण वकील अ‍ॅलन ईगलसन याला बोलावले. ईगलसन तेव्हा ऑन्टारिओ विधिमंडळाचा सदस्य होता आणि त्याच वर्षी त्याने बॉबी ऑरचा बोस्टनशी पहिला करार करून दिला होता.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेळाडूंना तक्रार करायचीच असती, तर ती कोणाकडे करायची? त्याच वर्षी एएचएलचा अध्यक्ष झालेला जॅक बटरफील्ड हा शोअरचा भाचा होता आणि त्याने पूर्वी शोअरच्या संघाचाच कारभार पाहिलेला होता. बटरफील्ड व्यक्ती म्हणून कसा होता हा प्रश्न वेगळा, पुढे त्याने १९९४ पर्यंत लीग समर्थपणे चालवली. परंतु मालक आणि दाद मागण्याचे ठिकाण एकाच घरात असेल, तर कामगाराला काम थांबवण्यावाचून कोणता मार्ग उरतो? वाटाघाटींनंतर शोअर संघाच्या दैनंदिन कारभारातून बाजूला झाला. काही महिन्यांतच त्याने खेळाडूंचे करार लॉस एंजेलिस किंग्ज या एनएचएलच्या नव्या संघाला विकले, आणि स्प्रिंगफील्डचा संघही किंग्ज या नावाने खेळू लागला.

हिमगंध

मंदारजी, तपशिलांबद्दल आभार. परंतु त्याच ईगलसनचे पुढे काय झाले, हेही या धाग्यावर नोंदवले पाहिजे. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडू संघटनेचा तो पहिला कार्यकारी संचालक झाला, १९७२ च्या कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातील मालिकेच्या आयोजनात त्याचा मोठा वाटा होता, आणि १९९८ मध्ये ज्या खेळाडूंचा तो प्रतिनिधी होता त्यांच्याच पैशांच्या अपहारप्रकरणी त्याने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले व तुरुंगवास भोगला. हॉकीच्या हॉल ऑफ फेम या मानाच्या यादीतूनही त्याला बाहेर पडावे लागले. स्प्रिंगफील्डच्या खेळाडूंनी एका धन्याच्या जागी दुसरा आणला, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर आहे?

मंदार१९६७

उत्तर असे की ईगलसनला उघडे पाडण्यात खेळाडूच पुढे होते आणि तो गेल्यावरही संघटना टिकली. नेता भ्रष्ट निघाला म्हणून संघटनेची गरज खोटी ठरत नाही. शोअरच्या काळात खेळाडूंना आपला नेता बदलण्याचाही अधिकार नव्हता, कारण नेताच नव्हता.

दत्ता_वूस्टर

मी या चर्चेला थोडी वेगळी बाजू जोडू इच्छितो. ‘स्प्रिंगफील्ड इंडियन्स’ हा बंद पडलेला संघ आहे, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. कागदोपत्री तसे नाही. १९९४ मध्ये रॉय बो यांनी, म्हणजे एकेकाळी एनएचएलच्या न्यूयॉर्क आयलँडर्सचे मालक असलेल्या गृहस्थांनी, ही फ्रँचायझी (लीगमध्ये खेळण्याचा परवाना) विकत घेऊन मॅसॅच्युसेट्समधल्याच आमच्या वूस्टरला आणली आणि तिचे नाव आइसकॅट्स ठेवले. २००५ मध्ये ती इलिनॉयमधील पिओरियाला गेली, २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युटिकाला, आणि २०२१ मध्ये थेट पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियातील अ‍ॅबट्सफर्डला. अ‍ॅबट्सफर्ड कनक्सने २०२५ मध्ये काल्डर करंडक जिंकला. म्हणजे परवान्याच्या हिशेबाने पाहिले तर शोअरचा वारसा आजही जिवंत आहे आणि आठव्या करंडकाचा धनी आहे.

वूस्टरमध्ये आइसकॅट्सचे सामने पाहायला आम्ही मुलांना घेऊन जात असू. संघ पिओरियाला गेला तेव्हा लहान मुलांना ‘आपला संघ दुसऱ्या गावाचा झाला’ हे समजावून सांगणे अवघड होते. स्प्रिंगफील्डच्या लोकांवर हीच वेळ आमच्यामुळे आली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले.

अपर्णा_क

दत्ताजी, परवान्याचा हिशेब मला पटत नाही. अ‍ॅबट्सफर्डच्या प्रेक्षकांना बिल स्वीनी कोण हे कशाला माहीत असेल? संघ शहराचा असतो. इंडियन्स वूस्टरला गेले त्याच वर्षी ब्रूस लँडन आणि वेन लाशान्स यांनी नवी फ्रँचायझी मिळवून स्प्रिंगफील्ड फाल्कन्स उभा केला. लँडन हे स्वतः स्प्रिंगफील्डचे जुने गोलरक्षक. फाल्कन्स २०१६ मध्ये हलवला गेला, तर त्याच वर्षी थंडरबर्ड्स आला आणि आजही आहे. एएचएलचे मुख्य कार्यालयही स्प्रिंगफील्डमध्येच आहे. वारसा शोधायचा असेल तर तो इथे शोधावा.

जाता जाता नावाविषयी एक वाक्य: ‘इंडियन्स’ म्हणजे आपण नव्हे, तर अमेरिकेचे मूळ रहिवासी. त्यांच्या प्रतिमा खेळाच्या गणवेशावर छापण्याची ती पद्धत आज योग्य मानली जात नाही आणि ते नाव पुन्हा आणू नये, असे माझे ठाम मत आहे.

गोलजाळी

कोलिझियमची इमारत अजून उभी आहे. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या ‘बिग ई’ या मोठ्या जत्रेला मी दरवर्षी जातो. तिच्याच मैदानात ही १९१६ ची इमारत आहे आणि आता तेथे घोड्यांचे व गुरांचे कार्यक्रम होतात. १९७२ मध्ये शहराच्या मध्यभागी नवे सिव्हिक सेंटर झाले आणि हॉकी तिकडे गेली.

जुना_खेळ

शोअरचा शेवटचा अंक कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. किंग्ज या नावाने खेळताना संघाने १९७१ चा करंडक जिंकला. पुढे न्यूयॉर्क आयलँडर्सकडून स्टॅन्ली करंडक जिंकणारे बुच गोरिंग आणि गोलरक्षक बिली स्मिथ हे दोघे त्या संघात होते. मात्र लॉस एंजेलिसशी असलेले नाते हळूहळू विटत गेले. १९७४-७५ च्या हंगामाच्या मध्यावर, वयाची सत्तरी ओलांडलेल्या शोअरने कारभार परत हाती घेतला आणि इंडियन्स हे जुने नाव पुन्हा लावले. त्याच हंगामात रॉन स्टुअर्टच्या मार्गदर्शनाखाली संघाने करंडक जिंकला. लगेच पुढच्या वर्षी, १९७६ मध्ये, त्याने संघ विकला आणि १९८५ मध्ये स्प्रिंगफील्डमध्येच त्याचा मृत्यू झाला.

छळ करणारा मालक संघ विकून पैसे घेऊन निघून जातो. शोअर गेला नाही. तो त्याच गावात राहिला आणि तिथेच वारला, हे तरी मान्य करा.

रेवती_ना

जुना_खेळ, एखाद्या माणसाचे आपल्या कामावर जिवापाड प्रेम असू शकते आणि तरीही त्या कामातल्या माणसांना तो वाईट वागवू शकतो. गावात राहिल्यामुळे खेळाडूंचे थांबवलेले वेतन भरून येत नाही. तुमच्या लिखाणामुळे मला शोअर समजला, परंतु माझी सहानुभूती त्या तीन निलंबित बचावपटूंकडेच राहिली.

हिमगंध

१९९० आणि १९९१ च्या करंडकांकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे. प्रशिक्षक जिमी रॉबर्ट्स यांनी १९९० चा करंडक न्यूयॉर्क आयलँडर्सच्या खेळाडूंना घेऊन जिंकला. उन्हाळ्यात एनएचएलच्या संघाशी असलेला करार बदलला, आयलँडर्सचे खेळाडू गेले आणि हार्टफर्ड व्हेलर्सचे आले. गोलरक्षकही बदलला, जेफ हॅकेटच्या जागी के व्हिटमोर आला. रॉबर्ट्स यांनी नव्या माणसांनिशी १९९१ मध्ये पुन्हा करंडक जिंकला, आणि हॅकेट व व्हिटमोर हे दोघेही आपापल्या वर्षी बाद फेरीचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. संघ म्हणजे परवाना की शहर, हा वाद दत्ताजी व अपर्णाताई यांनी घातला आहे. त्या दोन हंगामांत खेळाडू जवळजवळ सगळे बदलले, तरी प्रेक्षक, गणवेश आणि प्रशिक्षक तेच राहिले. मला वाटते दुय्यम लीगचा संघ हा असाच असतो.

दत्ता_वूस्टर

आणि तरीही तीन वर्षांनी संघ विकला गेलाच. सलग दोन करंडकांनीही तो शहरात राहिला नाही.

कनेक्टिकटकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. हिमगंध यांनी १९६० ते १९६२ च्या संघाचे जे मोठेपण दाखवले, ते मी पूर्णपणे मानतो. जुना_खेळ यांच्यामुळे शोअरचे श्रेयही नीट समोर आले. परंतु माझे मत बदललेले नाही, आणि त्याचे कारण संपानंतरच्या घडामोडींत आहे.

मनापासून खेळत नाहीत, असा ठपका ठेवून निलंबित केलेले व्हाइट, रोल्फ आणि अमाडियो हे तिघेही १९६७-६८ च्या हंगामात लॉस एंजेलिसकडून एनएचएलमध्ये खेळले. व्हाइट पुढे शिकागोचा आधारस्तंभ झाला आणि १९७२ च्या मालिकेत कॅनडाच्या संघात होता. लॉस एंजेलिस किंग्जचा इतिहासातला पहिला गोल १४ ऑक्टोबर १९६७ रोजी ब्रायन किलरीने केला. त्याने नंतर ऑटावा ६७ज या कुमार संघाला हजाराहून अधिक सामने जिंकून दिले आणि २००३ मध्ये तो प्रशिक्षक म्हणून हॉल ऑफ फेममध्ये गेला. एनएचएल त्या वर्षी सहा संघांवरून बारा संघांवर गेली, त्यामुळे जागा वाढल्या हे खरे. परंतु शोअरने त्यांना सोडले नसते, तर वाढलेल्या जागांचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नसता. जिम अँडरसनसारखा गोल करणारा खेळाडू तर आयुष्याची उत्तम वर्षे स्प्रिंगफील्डमध्ये काढून गेला.

एएचएलच्या सर्वोत्कृष्ट बचावपटूला आजही एडी शोअर पुरस्कार दिला जातो आणि बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या करंडकाला जॅक बटरफील्डचे नाव आहे. ती नावे काढावीत असे मी म्हणत नाही. किलरी किंवा व्हाइट यांच्या नावानेही लीगने एखादा पुरस्कार द्यावा, असे मात्र मला मनापासून वाटते. जुना_खेळ, यावर तुमचे मत काय?

जुना_खेळ

किलरीच्या नावाने द्यावा, याला माझी पूर्ण संमती आहे. तो शोअरकडेच शिकला आणि शोअरसमोरच उभा राहिला.